गाडी सुरू होते, पण थांबते का?



सास्तूर, लोहारा, उमरगा या भागात दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये एक गोष्ट हमखास घडते. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या परत येतात. पुण्या-मुंबईला कामाला असलेली मंडळी जयंतीला, लग्नसराईला गावी येतात. घराच्या कडेला पाच-सहा महिने उभी असलेली मोटारसायकल मग बाहेर निघते. फडक्याने धूळ झटकली जाते, बाटलीभर पेट्रोल पडते, चाकात हवा भरली जाते. दहा-पंधरा किका मारल्यावर गाडी आवाज देते आणि घरातले सगळे म्हणतात, "झाली बघा गाडी चालू!" लगेच बायको मागे, लेकरू पुढे टाकीवर, आणि गाडी निघते लग्नाला.

इथेच थोडे थांबायला हवे. गाडी सुरू झाली ही अर्धीच गोष्ट झाली. ती थांबते का, हे कोणी पाहिले? उभ्या गाडीचे इंजिन बिघडले तर गाडी घरीच राहते, फार तर लग्नाचा मुहूर्त चुकतो. ब्रेक बिघडला असेल तर ते घरी कळत नाही, रस्त्यावर कळते. म्हणून आज या सदरात उभ्या गाडीच्या ब्रेकविषयी बोलू.

आपल्या भागात मोटारसायकल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात सास्तूर, किल्लारी आणि आसपासची गावे उद्ध्वस्त झाली. पुनर्वसनात नवी गावे वसली ती मोकळ्या जागेवर, रुंद रस्त्यांची, ऐसपैस. घरांचे अंतर वाढले, कित्येकांचे शेत लांब गेले. शेत, दवाखाना, शाळा-कॉलेज, तालुक्याची कचेरी, सगळीकडे पायी जाऊन दिवस पुरत नाही. एसटीची वेळ आपल्या हातात नसते. म्हणून हप्त्यावर का होईना, घरात एक दुचाकी असते आणि तिच्यावर सारे घर बसते. ज्या गाडीवर सारे घर बसते, तिच्या ब्रेकची काळजी साऱ्या घराने घ्यावी.

उभ्या गाडीच्या ब्रेकला होते काय?

"गाडी तर वापरलीच नाही, मग ब्रेक कसा झिजेल?" असे पुष्कळजण विचारतात. ब्रेक झिजत नाही हे खरे, पण तो गंजतो, सुकतो आणि जाम होतो.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना ड्रम ब्रेक असतो. चाकाच्या मधोमध जो गोल डबा दिसतो तो ड्रम. त्याच्या आत अर्ध्या चंद्रासारखे दोन शू असतात आणि त्यांवर लायनर चिकटवलेले असते. आपण दांडा दाबला की वायर ओढली जाते, ड्रमवरचा छोटा हात फिरतो, त्याच्या टोकाचा कॅम आत वळतो आणि दोन्ही शू फाकून ड्रमच्या आतल्या भिंतीला घासतात. या घासण्यानेच गाडी थांबते.

ड्रमची आतली भिंत बिडाच्या लोखंडाची असते. गाडी रोज चालते तेव्हा शू तिला रोज पुसून काढतात. गाडी उभी राहिली की पावसाळी दमट हवेने तिच्यावर तांबूस गंज धरतो. लायनर ओल धरते. कधी शू ड्रमलाच चिकटून बसतात आणि चाक हलत नाही. कॅमवरचे ग्रीस सुकून खडीसाखरेसारखे घट्ट होते. वायरच्या आतली तार गंजते. मग आपण कितीही जोराने दांडा दाबला तरी आपला निम्मा जोर वायर आणि कॅममध्येच खर्च होतो, शूपर्यंत उरलासुरलाच पोचतो.

२०२० साली २५ मार्चपासून टाळेबंदी लागली तेव्हा देशभर लाखो गाड्या आठवडेच्या आठवडे उभ्या राहिल्या. गाडी न वापरणेही गाडीला बाधते, हे तेव्हा शहरातल्या लोकांनाही कळले. आपल्या ऊसतोड कामगारांच्या गाड्या मात्र दर हंगामाला अशी टाळेबंदी भोगतात.

थोडा हिशोब करू

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. समोर काही दिसले आणि हातपाय ब्रेककडे गेले, यात एक सेकंद तरी जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ११ मीटर गेले. त्यानंतर ब्रेक चांगला असेल तर गाडी आणखी सुमारे १२ मीटरवर थांबते. ब्रेकचा जोर निम्मा झाला असेल तर हेच १२ मीटर २५ होतात. एकूण २३ मीटरऐवजी ३६. हा १३ मीटरचा फरक म्हणजे अख्ख्या एसटी बसच्या लांबीइतका. रात्री मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली अचानक समोर आली, तर त्या १३ मीटरमध्ये सगळे ठरते.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यांत शंभरातली चव्वेचाळीसच्या वर दुचाकीवरची होती. सगळेच ब्रेकमुळे गेले असे नाही. पण ज्या गोष्टी आपल्या हातात आहेत, त्यांत ब्रेक पहिला आहे.

आधी अंगणातली परीक्षा

किक मारण्याआधी, इंजिन बंद ठेवून, या चार गोष्टी करा. पैसा लागत नाही, पाच मिनिटे लागतात.

पहिली गोष्ट, गाडी मेन स्टॅण्डवर घ्या आणि मागचे चाक हाताने फिरवा. चाक मोकळे फिरले पाहिजे. मग पेडल दाबा, चाक जागच्या जागी थांबले पाहिजे. पेडल सोडा, चाक लगेच पुन्हा मोकळे झाले पाहिजे. थांबते पण सुटत नाही, तर कॅम जाम आहे किंवा स्प्रिंग ढिली आहे.

दुसरी, गाडी स्टॅण्डवरून काढून हाताने ढकला आणि पुढचा ब्रेक दाबा. पुढचे चाक अडून गाडी पुढे वाकली पाहिजे. चाक फिरतच राहिले तर ती गाडी रस्त्यावर नेऊ नका.

तिसरी, मोकळी चाल बघा. पुढचा दांडा टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या रुंदीएवढा, सैल हलावा आणि मग ब्रेक लागायला सुरुवात व्हावी. मागचे पेडल २० ते ३० मिलिमीटर खाली जावे. गाडीगाडीत थोडा फरक असतो, पण दांडा मुठीला टेकला तर ब्रेक नाही असेच समजा.

चौथी, कमी ब्रेकचे मूळ शोधा. पुढची वायर ड्रमवरच्या हातापासून सोडवा आणि दांडा दाबून बघा. तरीही दांडा जड लागला तर दोष वायरमध्ये आहे, वायर बदला. दांडा हलका लागला तर तो ड्रमवरचा हात फिरवून बघा. तो जड फिरतो किंवा परत येत नाही, तर दोष कॅममध्ये. दोन्ही मोकळे असूनही ब्रेक लागत नसेल तर दोष आत, शू आणि ड्रममध्ये. एवढे पाहून मिस्त्रीकडे गेलात तर नको ते सामान गळ्यात पडणार नाही.

नट आवळणे हा इलाज नव्हे

ब्रेक कमी लागतो म्हटले की आपण पाना घेऊन नट आवळतो. लायनर झिजून चाल वाढली असेल तर ते बरोबर आहे. पण गाडी उभी राहून ब्रेक कमी झाला असेल तर आवळून काही साधत नाही. उलट शू कायम घासत राहतात, ड्रम तापतो, लायनर काचेसारखे गुळगुळीत होते आणि ब्रेक आणखी कमी लागतो. वर पेट्रोल जास्त जाते ते निराळेच.

खरा इलाज म्हणजे चाक काढून ड्रम उघडणे. ज्याला पाना धरता येतो त्याला हे घरी करता येईल. ज्याला सवय नाही त्याने मिस्त्रीकडून करून घ्यावे, पण समोर उभे राहून पुढील गोष्टी होतात का ते पाहावे.

ड्रम उघडल्यावर आतली काळी भुकटी तोंडाने फुंकू नका, हवेच्या पाइपनेही उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि वर्षांनंतर जीवघेणे आजार देते. गॅरेजमध्ये काम करणारी पोरे आपल्याच वस्तीतली असतात, त्यांनाही हे सांगा. ओल्या फडक्याने भुकटी पुसून घ्या, फडके पिशवीत बांधून टाकून द्या आणि हात धुवा.

ड्रमच्या भिंतीवरचा गंज पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासून काढा. लायनर गुळगुळीत चकाकत असेल तर तेही पॉलिश पेपरवर घासून खरखरीत करा. लायनरची जाडी २ मिलिमीटरवर आली असेल, त्याला भेगा असतील किंवा ते पत्र्यापासून सुटत असेल, तर नवे शू टाका. शू नेहमी जोडीने बदलायचे. नेहमीच्या शंभर सीसीच्या गाडीची जोडी साधारण एका दिवसाच्या रोजंदारीत येते.

लायनर तेलाने, ग्रीसने माखले असेल तर ते वाचत नाही. काही ठिकाणी असे शू पेट्रोल टाकून जाळतात आणि पुन्हा बसवतात. वरचे तेल जळते, आत मुरलेले तसेच राहते. ब्रेक तापला की ते वर येते आणि शू घसरतो. असे शू टाकून द्या आणि तेल आले कुठून तेही शोधा. बहुतेक वेळा चाकाच्या बेअरिंगचे सील गेलेले असते किंवा ग्रीस वाजवीपेक्षा जास्त भरलेले असते.

कॅम बाहेर काढून गंज साफ करा आणि त्याला चांगले ग्रीस अगदी बोटाच्या टोकाएवढे लावा. जास्तीचे पुसून घ्या, नाहीतर तेच लायनरवर जाईल. स्प्रिंगा ताणून लांब झाल्या असतील तर बदला, त्या फार स्वस्त असतात.

आता दोन धोक्याच्या गोष्टी. पहिली, शू झिजले की पैसे वाचवायला ड्रमवरचा हात काढून एक दात पुढे बसवण्याची रीत आहे. ती करू देऊ नका. कॅम मर्यादेबाहेर फिरून उलटू शकतो आणि चालत्या गाडीचे चाक जाम होऊ शकते. पुष्कळ गाड्यांना तिथे झीज दाखवणारा बाण असतो. पूर्ण ब्रेक दाबल्यावर बाण खुणेला पोचला की शू संपले असे समजावे. दुसरी, पुढचे चाक बसवताना ब्रेकच्या झाकणाची खाच शॉकॲब्सॉर्बरच्या खुंटीत नीट बसली का, ते डोळ्यांनी पाहा. मागे झाकणाला धरणारी जी पट्टी असते तिचा नट आणि पिन पाहा. ही धरण सुटली तर ब्रेक दाबताच सगळे झाकणच फिरेल.

डिस्क ब्रेक असेल तर

पोरांच्या नव्या गाड्यांना पुढे डिस्क असते. उभ्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा तांबडा थर येतो. तो पातळ असेल तर हळू चालवत आठ-दहा वेळा ब्रेक लावला की निघून जातो. त्यासाठी रॉकेल, डिझेल, चेनचे तेल, गंज सोडवायचा फवारा यांतले काहीही डिस्कला लावू नका. पॅड तेल पितात आणि मग ब्रेक लागतच नाही. साबणाच्या पाण्याने धुऊन, पुसून, वाळवून घ्या.

दांडा दाबल्यावर स्पंजासारखा मऊ लागत असेल तर नळीत हवा शिरली आहे किंवा ब्रेक ऑइल जुने झाले आहे. हे ऑइल हवेतले पाणी ओढून घेते. डॉट ३ प्रकारचे नवे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. डॉट ४ ची २३० वरून १५५ वर येते. उतारावर ब्रेक तापला की आतल्या पाण्याची वाफ होते आणि दांडा एकदम मुठीला टेकतो. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे. डबीच्या झाकणावर जो आकडा लिहिला असेल तेच ऑइल घ्यावे, तेही सीलबंद बाटलीतून. इंजिन ऑइल टाकले तर आतले सगळे रबर फुगून खराब होते.

दांडा टणक आहे पण गाडी थांबत नाही, असे असेल तर पॅड तेलकट झाले आहेत किंवा कॅलिपरमधला पिस्टन गंजून अडकला आहे. हवा काढणे आणि पिस्टन सोडवणे हे जाणत्या मिस्त्रीचेच काम आहे. काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी दांडा टणक होईपर्यंत पाच-सात वेळा दाबा. पॅड मागे सरकलेले असतात, पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोड-ब्रेक किंवा एबीएस, आणि त्यावरच्यांना एबीएस सक्तीचे झाले. जोड-ब्रेकच्या गाडीत मागचे पेडल दाबले की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. अशा गाडीचे दोन्ही ब्रेक एकमेकांशी जुळवावे लागतात. एकच नट आवळून सोडू नका.

मग रस्त्यावर, पण एकट्याने

दुरुस्तीनंतर पहिली फेरी एकट्याने मारा. हेल्मेट घाला, मागे कोणाला घेऊ नका. मोकळ्या मैदानात आधी चालण्याच्या वेगाने, मग ताशी २० ने, मग ३०-४० ने ब्रेक लावून पाहा. पहिले दहा-बारा ब्रेक हळुवार लावा, मध्ये थोडे अंतर जाऊ द्या, म्हणजे शू आणि ड्रम एकमेकांना बसतील. नवे शू टाकले असतील तर पहिले काही दिवस वेग कमीच ठेवा. एक-दोन किलोमीटर ब्रेक न लावता चालवून ड्रमजवळ हाताची मागची बाजू न्या. चटका बसण्याइतकी धग लागली तर ब्रेक घासत आहे, नट थोडा सैल करा.

पुढचा ब्रेक लावला की गाडी उलटते, ही भीती आपल्याकडे फार आहे. त्यामुळे पुष्कळजण आयुष्यभर नुसत्या पायाच्या ब्रेकवर गाडी चालवतात. वास्तविक गाडी थांबताना बराचसा भार पुढच्या चाकावर येतो, मागचे चाक हलके होते. म्हणून नुसता मागचा ब्रेक दाबला तर चाक घसरते आणि गाडी लांबवर जाते. सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकदम, हळूहळू जोर वाढवत लावावेत. वाळूवर, ओल्या काळ्या मातीवर आणि वळणावर पुढच्या ब्रेकला झटका देऊ नये. एवढे सांभाळले की पुढचा ब्रेक शत्रू नाही.

जाता जाता टायरही बघा. उभ्या गाडीचे टायर सुकून भेगाळते. भेगाळलेल्या टायरला रस्ता धरता येत नाही, मग ब्रेक कितीही चांगला असून उपयोग नाही. विम्याची तारीखही पाहा. तिसऱ्या पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे, आणि तो गाडी उभी असतानाच्या महिन्यांत संपलेला असू शकतो.

पुन्हा गाव सोडताना

दिवाळीच्या सुमारास टोळी निघेल तेव्हा गाडी अशीच टाकून जाऊ नका. गाडी धुतली तर लगेच उभी करू नका. दोन-तीन किलोमीटर चालवून, ब्रेक लावून ड्रम सुकवा. मेन स्टॅण्डवर, पावसापासून आडोशाला ठेवा. ब्रेकचा दांडा दोरीने बांधून ठेवू नका, शू चिकटतात. प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. सुती कापड टाका. घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या आई-बापाला किंवा शेजारच्या पोराला सांगून ठेवा की पंधरवड्याला एकदा चाक फिरवून ब्रेक दहा वेळा दाबावा. एवढ्यानेही पुष्कळ गंज टळतो.

शेवटची गोष्ट घरातल्या ताईंसाठी. गाडीचे काम पुरुषांचे, असे म्हणून आपण बाजूला राहतो. पण मागच्या सीटवर लेकरू घेऊन आपणच बसतो. तेव्हा घरधनी उभी गाडी बाहेर काढतील त्या दिवशी "पेट्रोल टाकलं का?" याच्या आधी "ब्रेक बघितला का?" असे विचारा. उत्तर "बघतो नंतर" असे आले, तर त्या दिवशी एसटीने जा.